ऋण कोणाचे, फेड कोणास?

परप्रांतातील आपल्या मंडळांत विदुषींचा सत्कार करण्याची प्रथा आहे, आणि ती स्तुत्यच आहे. महिला महाविद्यालयाची एखादी माजी विद्यार्थिनी अधिकारपदी चढली की आम्ही तिला शाल-श्रीफळ अर्पण करतो, दोन भाषणे ऐकतो आणि समाधानाने घरी परततो. परंतु हा सत्कार नेमका कशाचा? पदाचा म्हणावा, तर पदवी घेऊन जिने संसार सांभाळला तिच्या वाट्यास श्रीफळ येत नाही. विद्येचा म्हणावा, तर ती विद्या ज्यांच्या पैशावर उभी राहिली, त्यांचे स्मरण त्या सभेत कोणी करीत नाही.

अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्यास १५ लक्ष रुपयांचे दान दिले आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लाभले. हे दान सर्वश्रुत आहे. पण १८९६ साली स्थापन झालेल्या अनाथ बालिकाश्रमाने त्याआधीची वर्षे काढली, ती दारोदार मिळालेल्या लहान वर्गण्यांवर. स्वतः विधवा असलेल्या पार्वतीबाई आठवले त्यासाठी गावोगाव हिंडल्या. इंग्रजीचे ज्ञान तुटपुंजे असतानाही १९१८ साली त्या अमेरिकेस गेल्या. पुढे हिंगण्याच्या संस्थेने भाऊबिजेची ओवाळणीच समाजाकडे मागितली. ओवाळणी मागणारी बहीण भिक्षा मागत नसते, हे ज्यास उमगले त्यास या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले.

उरलेले अर्धे उत्तर ऋषिऋणाच्या जुन्या कल्पनेत आहे. हे ऋण ऋषींना द्रव्य परत करून फिटत नाही. विद्या पुढे चालविल्यानेच फिटते. ज्या अनाम दात्यांच्या आण्या-रुपयांवर एक मुलगी शिकली, त्यांना आता गाठता येणार नाही. त्यांची फेड स्वीकारण्याचा अधिकार आज फीसाठी अडलेल्या दुसऱ्या मुलीचा आहे.

मात्र ज्या माजी विद्यार्थिनीस स्वतःचे वेतन नाही, तिने काय करावे? वर्गणीची वही पुढे येताच ती पतीकडे पाहते, आणि पती औदार्याचा आव आणून खिशात हात घालतो. या क्षणी आम्हा पुरुषांची खरी परीक्षा असते. दर तीन वर्षांनी बदली होते, मुलांची शाळा बदलते, भाषा बदलते. अशा वेळी त्यांचा अभ्यास आणि त्यांची मराठी कोण सांभाळते? तिच्या विद्येचे व्याज आम्ही नित्य खात आहोत. मग मुद्दलाचे ऋण तिच्या एकटीचे कसे? ते सबंध घराचे आहे. म्हणून किती द्यावे हे तिने ठरवावे, आणि आम्ही त्यास उपकार न समजता हिशेब समजावे.

पुढील सत्कारसभेत शाल अवश्य द्यावी. पण त्याच सभेत वर्गणीची वहीही फिरावी, तीत नावे असावीत आणि आकडे नसावेत. १५ लक्ष देण्याचे सामर्थ्य थोड्यांचेच असते. ऋणी मात्र आपण सारेच आहोत.