हंसाबाईंजवळ थोडा वेळ

निवांत बसा. पाठ टेकू द्या. अमरावतीत असाल तर राजकमल चौकाचा गलबला कानावर येईल. अकोल्यात असाल तर दिवेलागणीलाही भिंतींची झळ लागेल. असू द्या.

आता बहिरमची यात्रा मनात आणा. सातपुड्याचा पायथा, पौषातली थंडी, हंडीतलं मटण, रोडगे. आणि पलीकडे एके काळी असायच्या त्या तमाशाच्या राहुट्या. आपल्या आज्या-पणज्यांना तिकडे नजर टाकायचीही मुभा नव्हती. तोच तमाशा 1947 मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’तून पडद्यावर आला आणि घरंदाज माणसं तिकीट काढून तो पाहू लागली. पडद्यावर हंसा वाडकर होत्या. त्याआधी सहा वर्षं ‘संत सखू’ झाल्या होत्या त्याच. एकीला हात जोडले, दुसरीला शिट्ट्या दिल्या. यातली खरी कोण, हे ठरवू नका. दोन्ही कामं तिचीच, दोन्ही वेळा घर तिच्याच कमाईवर.

इथं जरा थांबा. श्वास सोडा.

आता त्याच्याही मागे जा. 1923 मध्ये मुंबईत जन्मलेली रतन साळगावकर, म्हणजेच पुढच्या हंसाबाई. 1936 चा ‘विजयाची लग्ने’ हा तिचा पहिला चित्रपट. तेरा वर्षांची पोर. तुमच्याच गल्लीतली तेवढी एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. शाळेचं दप्तर, तेल लावून घातलेल्या वेण्या. तिच्या कमाईकडे घर डोळे लावून बसलंय. तुला हे करायचंय का, असं तिला कोणी विचारत नाही. या न विचारण्यापाशी घटकाभर बसा. पुढचं बरंचसं इथूनच सुरू होतं, असं मला वाटतं.

लग्न झालं की काम सुटेल, आपण आपलं घर करू, ही तिची आस होती. लग्न झालं, काम सुटलं नाही. संशय वाढला, दारू आली. एकदा घर सोडून त्या मराठवाड्यातल्या एका खेड्यात जाऊन राहिल्या. तिथंही दार मोकळं नव्हतं.

1959 च्या ‘सांगत्ये ऐका’ या त्यांच्या चित्रपटानं पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 130 हून अधिक आठवडे गर्दी खेचली. त्याच नावानं 1970 मध्ये हंसाबाईंचं आत्मकथन पुस्तकरूपात आलं. त्या बोलल्या, अरुण साधूंनी शब्दांकन केलं. दारू, पुरुष, गर्भपात, झालेले अत्याचार, स्वतःच्या चुकाही, झाकपाक नाही.

हे ऐकताना मनात काय उठतं ते पाहा. “बाईनं एवढं उघड बोलावं का?” असं उठेल. उठू द्या, जाऊ द्या. मग कीव येईल. तिच्याशी अधिक सावध राहा. कीव आली की आपण समोरच्या बाईला लहान करतो, आणि तिचं पुढचं बोलणं आपल्या कानापर्यंत पोचत नाही. हंसाबाईंनी कीव मागितलेली नव्हती.

पन्नाशी गाठण्याआधीच त्या गेल्या. 1977 मध्ये श्याम बेनेगलांनी या आत्मकथनावरून ‘भूमिका’ हा चित्रपट केला. स्मिता पाटील यांना त्यातल्या अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हंसाबाई ते पाहायला नव्हत्या.

आता पुन्हा श्वासाकडे या. तुमच्या घरात लहानपणापासून कमावत आलेली कोणी आहे का? कापूस वेचणारी, धुणीभांडी करणारी, शाळेत शिकवणारी? तिचा चेहरा आठवा. तिला काय व्हायचं होतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल, तर आज जेवणं आटोपल्यावर तिच्याजवळ बसा आणि विचारा.