चिठ्ठीचा धडा

शिकवणे म्हणजे देणे, असे आम्ही शाळामास्तर अभिमानाने सांगत असतो. परंतु शाळा मुलाजवळचे काढूनही घेऊ शकते, हे कोरियाचा इतिहास वाचताना ध्यानात येते.

१९१० साली जपानने कोरिया गिळला. १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटले आणि कोरियन मुलांना सम्राटाची निष्ठावंत प्रजा बनवण्याची घाई सुरू झाली. १९३८ मध्ये कोरियन भाषा शाळेत ऐच्छिक ठरली. प्रत्यक्षात ती वर्गाबाहेरच गेली. १९४० पासून जपानी नावे घेण्यासाठी दडपण आले. काही शाळांतून मुलांना चिठ्ठ्या वाटत. ज्याच्या तोंडून कोरियन शब्द निसटेल, त्याची चिठ्ठी सोबत्याने काढून घ्यायची!

या चिठ्ठीपाशी माझे मन अडते. परकी भाषा शिकवण्यात पाप ते कोणते? जपानी भाषेत काव्य आहे, शास्त्र आहे. ती येणे हा लाभच. पण आईने ज्या शब्दांत जेवायला हाक मारली तेच शब्द अपराध ठरले, की मूल आधी मित्रावर पाळत ठेवते, मग स्वतःच्या जिभेवर. आणि शेवटी त्याला आईचीच लाज वाटू लागते.

१९४२ मध्ये एका विद्यार्थिनीची रोजनिशी पोलिसांच्या हाती लागली. तिच्यावरून माग निघाला तो तिच्या शिक्षकाचा, आणि पुढे कोरियन शब्दकोश रचणाऱ्या मंडळाचा. कोशकारांची धरपकड झाली. दोघे तुरुंगातच वारले. पुरावा म्हणून जप्त केलेली हस्तलिखिते १९४५ मध्ये सोल स्टेशनच्या वखारीत सापडली, आणि १९४७ मध्ये कोशाचा पहिला खंड निघाला.

‘मास्तर हा नोकर, वरून येईल ते शिकवील,’ असे कोणी म्हणेल. पोटासाठी जपानी धडे देणाऱ्याला मी येथे सुखाने बसून दोष देणार नाही. मात्र धडा देणे निराळे आणि मुलाला मुलावर पहारेकरी नेमणे निराळे. त्या चिठ्ठ्या वाटणारा हात मास्तराचाच होता, आणि तेवढ्यापुरता हुकमाचा आडोसा मला अपुरा वाटतो.

शाळेची परीक्षा घ्यायची तर मी एवढेच पाहीन : नवे शिकून घरी आलेले मूल आजीशी पूर्वीसारखे मोकळेपणाने बोलते ना?