पाचव्या फरशीची जागा

थोडा वेळ काढून बसा. नगर जिल्ह्यातल्या एखाद्या जुन्या घराची ओसरी असेल तर उत्तमच. पारनेर असो, शेवगाव असो की अकोले, पायाखाली बहुधा शहाबादी फरशी असते; कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड. तळहात टेकवा. गारवा हातात उतरू द्या. श्वास संथ होऊ द्या.

आता डोळ्यांसमोर एक रिकामी, चौरस खोली आणा. तिच्यात फरशी बसवायची आहे. अट एवढीच, की प्रत्येक फरशी चौरस हवी. लहानमोठी चालेल, पण मध्ये फट नको आणि एक दुसरीवर चढायला नको. अशा किती फरश्यांत खोली पुरी होईल?

चार फरश्यांत होते, हे लगेच दिसते. मग दोन? तीन? पाच? लगेच उत्तर देऊ नका. प्रश्नाजवळ थांबा.

गवंडी कोपऱ्यात गुण्या लावतो, काटकोन पारखतो, सुतळी ताणतो आणि मगच पहिली फरशी ठेवतो. आपणही मनाने कोपऱ्यात जाऊ. खोलीला चार कोपरे. एकाच फरशीने दोन कोपरे व्यापले, तर ती खोलीएवढीच झाली. म्हणजे प्रत्येक कोपऱ्याला स्वतःची फरशी हवी. दोन आणि तीन इथेच संपले. खटपट न करता, नुसते पाहून.

आता पाच. चार फरश्या कोपऱ्यांत गेल्या, एक उरली. ती फार तर एका भिंतीला टेकेल. उरलेल्या तीन भिंती कोपऱ्यातल्या फरश्यांनीच भरायच्या. तसे केले की तिरक्या समोरासमोरच्या फरश्या सारख्या मापाच्या होतात. त्यांतली एक जोडी भिंतीच्या निम्म्याहून मोठी असेल, तर त्या दोघी मध्ये एकमेकींवर चढतील. म्हणून चारही बरोबर निम्म्या. खोली भरली, पाचवीला जागा उरली नाही.

इथे जरा विसावा. ‘जमत नाही’ आणि ‘जमणारच नाही’ यांत किती अंतर आहे, ते जाणवू द्या. पहिल्यात तगमग आहे. दुसऱ्याचे कारण कळले, की मन आपोआप निवते.

आता पुढे. तीन फुटी खोलीत दोन फुटांची एक फरशी ठेवा, उरलेल्या दोन कडांना एकेक फुटाच्या पाच: झाल्या सहा. चारांपैकी एकीचे चार तुकडे करा: सात. चार फुटी खोलीत तीन फुटांची एक आणि एकेक फुटाच्या सात: आठ. यापुढे कुठल्याही एका फरशीचे चार भाग केले, की संख्या तीनने वाढते. सहाचे नऊ, साताचे दहा, आठाचे अकरा. हा क्रम मनात हळूहळू चालू द्या. तो कुठेच अडत नाही.

आणखी एक पायरी आहे. सगळे चौरस वेगवेगळ्या मापाचे हवेत, असे ठरवले तर? बर्लिनच्या रोलंड स्प्राग यांनी 1939 साली 55 चौरसांची अशी मांडणी प्रसिद्ध केली. त्याच सुमारास केंब्रिजच्या ब्रूक्स, स्मिथ, स्टोन आणि टट या चार विद्यार्थ्यांनी चौरसांची मापे तारांतल्या विजेच्या प्रवाहासारखी वाचून हे कोडे सोडवले. त्यांचा निबंध 1940 साली आला. 1978 मध्ये नेदरलँड्सचे डायवेस्टाइन यांनी संगणकाच्या मदतीने 21 चौरसांची मांडणी शोधली. तिची बाजू 112, सर्वांत मोठा चौरस 50 चा, सर्वांत लहान 2 चा. 21 हून कमी चौरसांत हे होऊच शकत नाही.

आयुष्यातल्या अडचणींकडेही असेच पाहावे. एखादी गोष्ट होत नसेल, तर आधी तिच्या कोपऱ्यापर्यंत जावे आणि का होत नाही ते नीट पाहावे. कारण सापडले तर हट्ट सुटतो. नाही सापडले तर प्रयत्नाला अजून वाव आहे. दोन्हींत मनाचे भलेच आहे.

आज एका कागदावर चौरस काढा आणि त्याचे अकरा चौरस करून पाहा. घरातल्या मुलांनाही शेजारी बसवा, पण उत्तर सांगू नका. दोन, तीन आणि पाच सोडले तर प्रत्येक संख्येत हे जमते.