विद्या, हात आणि रुग्णाचे ऋण

वैद्यकाची शेवटची परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण दुसऱ्या दिवशी रुग्णालयात उभा राहतो, तेव्हा रुग्णाचे नातेवाईक त्यास ‘डॉक्टरसाहेब’ म्हणूनच हाक मारतात. कालचा विद्यार्थी एका रात्रीत त्या हाकेस पात्र होतो काय? हा प्रश्न आम्हां सुरतकरांस परका नाही. येथे १९६४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे महानगरपालिकेनेही आपले महाविद्यालय काढले. लिंबायत, उधना, पांडेसरा येथील यंत्रमागांवर राबणारी आपली खानदेशी माणसे आजारी पडली म्हणजे बहुधा या महाविद्यालयांच्या रुग्णालयांचीच पायरी चढतात.

आपल्या प्राचीनांनी या प्रश्नाचा विचार केला होता. शस्त्रकर्म शिकणाऱ्या शिष्याने प्रथम भोपळा, काकडी यांवर छेद घेण्याचा, चामड्याच्या भरलेल्या पिशवीवर भेदनाचा आणि कापडी बाहुल्यावर पट्ट्या बांधण्याचा सराव करावा, असे सुश्रुतसंहिता सांगते. ग्रंथ जाणणारा पण हात न वळलेला वैद्य आणि हात वळलेला पण ग्रंथ न जाणणारा वैद्य, हे दोघेही तिने अपुरेच मानले आहेत.

आजची रचना वरवर पाहता याच विचाराची आहे. साडेचार वर्षांचे अध्ययन, त्यानंतर निरनिराळ्या विभागांतून फिरण्याचे एक सक्तीचे वर्ष. परंतु पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा याच सुमारास डोक्यावर असते, आणि जे वर्ष रुग्णाच्या उशाशी जावयाचे ते पुष्कळांचे प्रश्नसंचांच्या संगतीत जाते. उरलेला वेळ रक्ताचे नमुने पोचविण्यात आणि कागद भरण्यात सरतो. दोष केवळ त्या मुलांचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. पुढची वाट ज्या परीक्षेने ठरते, तीत शीर सापडली की नाही हे कोणी विचारीत नाही.

मग हात वळतो कोठे? भोपळ्यावर नव्हे, गरिबाच्या देहावर. संपन्न मनुष्य खाजगी इस्पितळात अनुभवी डॉक्टराकडे जातो. पण त्या डॉक्टराचा अनुभव बहुतेक वेळा एखाद्या सरकारी खाटेवरच्या मजुराने पुरविलेला असतो. शिकणाऱ्यास कोठेतरी पहिल्यांदा सुई टोचावीच लागणार, हे आम्ही जाणतो. परंतु ज्याच्यावाचून विद्या पुरी होत नाही, तो गुरूच्याच पंक्तीत बसतो. त्यास विचारल्यावाचून, त्याचे नावही न घेता, ‘अमुक नंबरची केस’ म्हणून त्याच्यावर शिकणे हे ऋण बुडविण्यासारखे आहे.

या संदर्भात १९९४ चा सप्टेंबर आठवल्यावाचून राहत नाही. सुरतेत प्लेग आला तेव्हा लाखो लोकांनी शहर सोडले; अनेक खाजगी डॉक्टरही दवाखान्यांस कुलूप लावून गेले. न्यू सिव्हिलचे वॉर्ड मात्र चालू राहिले. त्या वर्षापूर्वी सुमारे २८ वर्षे देशात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. म्हणजे तेथील तरुण निवासी डॉक्टरांस हा रोग केवळ पुस्तकातून ठाऊक. तरी पुस्तकातले तेच औषध, टेट्रासायक्लिन, उपयोगी पडले. पुस्तकी विद्येस सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि अनुभवाची थोरवी गाणाऱ्यांनी त्या कुलपांचाही विचार करावा.

परंतु साथ रोज येत नाही. रोजच्या रात्रपाळीस निराळे धैर्य लागते. ‘मला हे समजत नाही, आपण या’ असे वरिष्ठास रात्री दोन वाजता कळविण्याचे धैर्य. ते नवख्यात उत्पन्न होणे पुष्कळसे वरिष्ठावर अवलंबून असते. बोलावल्याबद्दल एकदा खेकसले, की पुढच्या वेळी तो मुलगा गप्प राहून आपल्या अंदाजाने औषध देईल.

२०१९ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात रुग्णाशी बोलणे आणि वैद्यकीय नीती यांचे पाठ पहिल्या वर्षापासून घातले आहेत, ही चांगली गोष्ट होय. मात्र सौराष्ट्रातून आलेल्या तरुणास अहिराणी बोलणाऱ्या म्हातारीचे दुखणे वर्गात बसून कळणार नाही. येथे आपल्या मंडळींस काही करता येईल. वॉर्डात आपला माणूस असेल, तर दोन्ही भाषा जाणणाऱ्या कोणीतरी तासभर त्याच्यापाशी बसावे, आणि त्याचे म्हणणे त्या नव्या डॉक्टरास नीट समजावून सांगावे.