ओढ्याचा अपराधी कोण ?

दुष्ट हेतु नसतांना जें अनिष्ट घडतें, त्याचा दोष कोणाच्या माथीं ठेवावा, हा नीतिशास्त्रांतील जुनाच प्रश्न आहे. ग्रंथांत तो कोरडा वाटतो. पण नायजेरियाच्या आग्नेय भागांतील एखाद्या ओढ्याकांठीं तो जिवंत होऊन पुढें उभा राहतो.

त्या प्रदेशांत तेलमाडाच्या फळांपासून पामतेल काढण्याचा धंदा खेडोपाडीं चालतो, व त्यांतील पुष्कळसे कष्ट स्त्रियांच्या वांट्याला येतात. फळें उकडावयाचीं, कुटावयाचीं, लगदा पाण्यांत कालवून पुनः उकळावयाचा, आणि वर तरंगणारें तांबडें तेल काढून घ्यावयाचें. उरतें तें तपकिरी, आंबट सांडपाणी. त्यांत कोणी विष कालवलेलें नसतें. परंतु त्यांतील फळांचा अंश कुजतांना पाण्यांतला प्राणवायु शोषून घेतो. अशा १ लिटर सांडपाण्यास सुमारें २५ हजार मिलिग्रॅम प्राणवायु लागतो. उष्ण प्रदेशांतील ओढ्याच्या १ लिटर स्वच्छ पाण्यांत तो जेमतेम ८ मिलिग्रॅम असतो. म्हणजे 'माझ्या एका घागरीनें काय होणार?' असें म्हणणारी ती एक घागर तीन हजार घागरींचा श्वास कोंडूं शकते.

मग अपराधी कोण? घागर ओतणाऱ्या बाईचीं मुलें कदाचित् खालच्या वळणावर तेंच पाणी पीत असतील. येथें द्वेष नाहीं, लोभ नाहीं; पोटाची निकड आहे. निकड हीच क्षमेला पुरे, असें आपलें दयाळू मन म्हणतें. मला तें पटत नाहीं. क्षमेनें मासे जगत नाहींत. आणि गरिबाच्या हातून झालेल्या हानीचा भार बहुधा त्याहून गरिबावरच पडतो. शिवाय १९२९ सालीं याच प्रदेशांतील हजारों स्त्रियांनीं कराच्या भीतीनें व तेलाच्या घसरत्या भावानें संतप्त होऊन ब्रिटिश सत्तेला जाब विचारला होता. त्यांच्या लेकीसुनांना अजाण बालकांत काढणें हा दयेच्या वेषांतील अपमानच होय.

परंतु कर्तव्य सांगणाऱ्यानें साधनहि दिलें पाहिजे. मलेशियानें १९७७ सालीं नियम करून गिरण्यांच्या सांडपाण्याची प्राणवायु शोषण्याची मर्यादा लिटरमागें ५,००० मिलिग्रॅमवरून १९८४ पर्यंत १०० वर आणली. त्या गिरण्यांपाशीं शुद्धीकरणाचीं तळीं खोदण्यास पैसा व जागा होती. घरच्या भट्टीवर तोच नियम लादणें म्हणजे चूल विझविणें होय. तिला हवा ओढ्यापासून व विहिरीपासून दूर एखादा सामाईक खड्डा, जेथें गाळ वाळवून त्याचें खत करतां येईल. त्याला जागा गांवानें द्यावयाची, श्रम सर्वांनीं करावयाचे.

तेव्हां निवाडा असा: दोष प्रत्येकीचा आहे, पण उपाय एकटीच्या हातचा नाहीं. जो समाज तो उपाय हातीं देत नाहीं, त्याला तिच्याकडे बोट दाखविण्याचा अधिकार नाहीं. आणि उपाय हातीं आल्यावर 'माझी एकच घागर' म्हणण्याचा अधिकार तिलाहि उरत नाहीं.