फोटो कुणाला दाखवायचा?
कवितेवरून एखादा गूढ, भीतीदायक फोटो काढला, तर तो आधी कुणाला दाखवायचा? हे छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्याकडून शिकावं. त्यांचा जन्म १८१५चा, कलकत्त्याचा. कॅमेरा हाती आला तो थेट ४८व्या वर्षी, इंग्लंडमध्ये. शेजारी राहणाऱ्या टेनिसन कवींनी १८७४मध्ये आपल्या आर्थर राजावरच्या काव्यासाठी त्यांच्याकडे फोटो मागितले. मरणाच्या दारातल्या राजाला नेणारी नाव बाईंनी घरच्या घरी उभी केली. पाणी म्हणजे पांढरी मलमल, आणि चंद्र चक्क निगेटिव्हवर ओरखडलेला! हसू येतं, पण अंगावर काटाही येतो.

छायाचित्रणातले जाणकार त्यांच्या फोटोंतल्या धूसरपणाला आणि काचेवरच्या डागांना नावं ठेवत. चित्रकार जॉर्ज वॉट्स यांच्याकडे मात्र कॅमेरॉन फसलेल्या प्रतीसुद्धा पाठवत, रोखठोक मत मागत. मला ही त्यांची गोष्ट फार आवडते. ‘छान आलाय’ म्हणणारे काय, घरोघरी मिळतात. पण ‘नाव नाटकातली वाटते, नजर आधी चंद्रावरच जाते’ असं कुणी सांगितलं, तर त्याला बसवून चहा पाजा. आणि पुढचा फोटो दाखवताना कविता कोणती, ते आधी सांगू नका.