शेजाऱ्याच्या बाजूने खोटी साक्ष

आठव्या आज्ञेने शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई केली आहे. शेजाऱ्याच्या बाजूने खोटी साक्ष देण्याविषयी काय? १९९० च्या सुमारास गोरेगावच्या सेमिनरीत नीतिशास्त्राच्या तासाला आमच्या एका खोडकर सहाध्यायाने हा प्रश्न विचारला आणि सारा वर्ग हसला. प्राध्यापक मात्र हसले नाहीत. "धर्मग्रामात गेलात की हा प्रश्न तुमचे दार ठोठावील," एवढेच ते म्हणाले. त्यांचे शब्द किती खरे होते, याचा प्रत्यय मला २०२५ च्या जानेवारीत आला.

सकाळची मिस्सा आटोपून मी चर्चच्या कार्यालयात येऊन बसलो होतो. एक जोडपे दाराशी उभे राहिले. वसईच्या आमच्या पट्ट्यात वडिलोपार्जित वाडी करणारी जी थोडी कुटुंबे आता उरली आहेत, त्यांतले हे एक. केळी, थोडी पानवेल आणि मोगरा. फुले पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात. त्यांची एकुलती एक मुलगी २०२२ पासून कॅनडातील ओंटारियो प्रांतात एका विद्यापीठात संशोधन करते. शिष्यवृत्ती मिळाली म्हणूनच ती जाऊ शकली. २०२४ च्या नोव्हेंबरात तिची आजी वारली. ज्या आजीच्या कुशीत ती वाढली तिचा अंत्यविधी तिने भ्रमणध्वनीच्या एवढ्याशा पडद्यावर पाहिला. प्रयोग अर्धवट टाकून येणे शक्य नव्हते आणि विमानाचे भाडेही हाताशी नव्हते. त्या दिवसापासून तिचे बोलणे कमी होत गेले. तिच्याकडे संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा इथे पहाटेचे पाच झालेले असतात. आई त्या वेळी उठून फोन लावी, आणि लेक "बरी आहे" म्हणून फोन ठेवून देई.

"फादर, आम्हांला तिच्याजवळ जाऊन महिनाभर बसायचंय," आई म्हणाली. "फिरायला नाही जायचं कुठे."

नंतर वडिलांनी मुख्य गोष्ट काढली. "फक्त दोन ओळी लिहून द्या. मी चर्चच्या मालमत्तेचा पगारी व्यवस्थापक आहे आणि सणाआधी मला परतावंच लागेल, एवढंच."

"पण तुम्ही व्यवस्थापक नाही."

"नसेन. पण सणाआधी परत येणार, हे तर खरं आहे ना?"

या प्रश्नाचे उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही. त्यांच्या मागणीला आणखी एक बाजू होती. एका सधन नातलगाने दोन महिन्यांसाठी बारा लाख रुपये त्यांच्या खात्यावर ठेवण्याची तयारी दाखवली होती. व्हिसा हाती पडला की रक्कम परत. "सगळेच असं करतात," असे त्यांना सांगण्यात आले होते.

ज्या वाचकांची मुले परदेशी शिकत आहेत त्यांना ही व्यवस्था ठाऊक असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. विद्यार्थ्याच्या आईवडिलांना त्याच्या परवान्याच्या आधाराने कॅनडात जाता येत नाही. पालकांसाठी दीर्घ मुदतीचा जो खास व्हिसा तेथे आहे, तो तेथील नागरिकांच्या व कायम रहिवाशांच्या आईवडिलांसाठी. विद्यार्थ्याच्या आईवडिलांनी सामान्य पाहुणे म्हणूनच अर्ज करावयाचा. मुलाने निमंत्रणाचे पत्र पाठवावयाचे: कोण येणार, किती दिवस, कोठे राहणार, खर्च कोण करणार. बोटांचे ठसे द्यावयाचे आणि वाट पाहावयाची. बहुधा मुलाखत होत नाही. दूर कोठेतरी बसलेला एक अधिकारी कागद वाचतो आणि एकाच गोष्टीविषयी आपली खात्री करून घेतो, ती ही की मुदत संपताच हा मनुष्य परत जाईल.

त्या देशाच्या कायद्यात एक तरतूद आहे, तिचे मला कौतुक वाटते. पुढेमागे येथे कायमचे राहावे अशी इच्छा कोणी मनात बाळगत असला, तरी केवळ त्या कारणाने त्याला पाहुणा म्हणून नाकारू नये, मुदतीत तो परतेल अशी खात्री वाटली म्हणजे पुरे, असे तेथील २२ वे कलम सांगते. इच्छा आणि निश्चय यांतला हा भेद आमच्या नीतिशास्त्रालाही जुन्या काळापासून मान्य आहे. असत्याला मात्र तो कायदा क्षमा करीत नाही. अर्जात खोटे आढळले तर पाच वर्षे त्या देशाचे दार बंद होते.

आता विपर्यास पाहा. या गृहस्थाइतका मातीला बांधलेला मनुष्य शोधून सापडावयाचा नाही. दोन दिवस विहिरीवरचा पंप बंद राहिला तर त्याला झोप लागत नाही. परंतु शेतीच्या उत्पन्नावर आपल्याकडे आयकर नाही, म्हणून विवरणपत्रे नाहीत. फुलांचे पैसे रोखीने येतात आणि रोखीने जातात. सातबाऱ्यावर अजून त्याच्या आजोबांचे नाव. वारसांची नोंद कोणी केलीच नाही, कारण भावाभावांत कधी भांडण झाले नाही! जो नक्की परतणार, त्याच्याजवळ ते दाखवणारा एकही कागद नव्हता. मग सत्य पोहोचविण्यासाठीच थोडे असत्य वापरले, तर बिघडले कोठे?

संत ऑगस्टीन या बाबतीत किती कठोर होते हे सर्वश्रुत आहे. कोणाचा जीव वाचविण्यासाठीही असत्य बोलू नये, असे त्यांचे मत. संत थॉमस अक्वायनस यांनी असत्याचे तीन प्रकार केले: गमतीचे, उपयोगाचे आणि घाताचे. दुसऱ्याच्या भल्यासाठी बोललेले असत्य त्यांनी लघुपापांत घातले. पापांतून वगळले मात्र नाही. पुढे काही पंडितांनी पळवाट काढली: तोंडाने अर्धे बोलावे आणि उरलेले मनात ठेवावे. १६७९ साली पोप अकरावे इनोसंट यांनी ती पळवाट बंद केली. आपल्या मराठीत तिला "नरो वा कुंजरो वा" असे सुरेख नाव आहे, आणि ती कथाही एका बापाची व मुलाचीच आहे, हे विसरू नये.

या वादात तोबितच्या ग्रंथाचा दाखला नेहमी दिला जातो. दूर देशी निघालेल्या तोबियाला सोबत करण्यासाठी रफायल देवदूत आला आणि त्याने आपले नाव अजऱ्या असे सांगितले. देवदूत खोटे बोलला काय? भाष्यकारांनी बचाव केला की अजऱ्या या नावाचा अर्थच 'देवाने साह्य केले' असा आहे, म्हणजे त्याने आपले कार्यच सांगितले. हा बचाव मला तरुणपणी फार आवडे. आता त्या कथेतली आई अधिक आठवते. मुलगा गेला त्या वाटेकडे ती रोज डोळे लावून बसे आणि नवऱ्याचे सांत्वनाचे बोल तिला ऐकवत नसत.

मी निर्दोष आहे असे कोणी समजू नये. शाळाप्रवेशासाठी "हे कुटुंब नियमित मिस्सेला येते" अशी पत्रे मी लिहून दिली आहेत, आणि त्या कुटुंबांतील काहींना मी केवळ नाताळातच पाहिले होते. "ह्या इसमास मी दहा वर्षे ओळखतो" असे लिहिताना पूर्वी माझी लेखणी अडखळली नाही. मग याच वेळी का अडखळली? पत्र परदेशात जाणार म्हणून? की पकडले जाण्याचे भय? प्रामाणिकपणे सांगायचे तर दोन्ही कारणे थोडी थोडी होती.

त्या रात्री ऑगस्टीनच्याच असत्यावरील ग्रंथातली एक हकीकत आठवली. थगास्त नगरीत फर्मस नावाचे बिशप होते. त्यांनी आश्रय दिलेल्या एका मनुष्याला धरण्यासाठी सम्राटाचे शिपाई आले. आपल्याला खोटे बोलता येत नाही आणि त्या मनुष्याला धरूनही देता येत नाही, असे बिशपांनी स्पष्ट सांगितले. त्यांचा छळ झाला, तरी ते ढळले नाहीत. शेवटी त्यांना सम्राटापुढे नेले, तेव्हा सम्राटाने थक्क होऊन त्या मनुष्याला अभय दिले. 'खोटे बोलू की शेजाऱ्याला टाकू' अशा पेचात ऑगस्टीन केवळ नियम सांगून थांबत नाहीत. ते तिसरी वाट दाखवतात, आणि त्या वाटेचे मोल मदत करणाऱ्याला आपल्या अंगावर घ्यावे लागते.

माझ्या दोन ओळींच्या पत्राला मात्र काय मोल पडणार होते? एक कागद आणि चर्चचा शिक्का. नातलगाच्या बारा लाखांनाही दोन महिन्यांच्या व्याजापलीकडे काही पडणार नव्हते. धोका होता तो सारा आईबापांना. आणि निमंत्रणाच्या पत्रात ते असत्य लेकीच्या हातून उतरले असते, तिच्या सहीने.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझा नकार सांगितला आणि वेगळे पत्र लिहून दिले. हे गृहस्थ माझ्या धर्मग्रामातले आहेत, त्यांची वाडी मी पाहिली आहे, ते पहाटे चारला उठून झाडांना पाणी सोडतात, त्यांच्या आईला मी स्वतः मूठमाती दिली, ते परततील असा माझा विश्वास आहे, असे त्यात लिहिले. नातलगाचे पैसेही त्यांनी घेतले नाहीत. माझ्या सांगण्यावरून घेतले नाहीत, हे नमूद केले पाहिजे.

मार्चमध्ये नकार आला. मालमत्ता व आर्थिक स्थिती पाहता आपण मुदतीअखेर परत जाल याची खात्री पटत नाही, असा मजकूर होता. अधिकाऱ्याला दोष देण्याचे मला कारण दिसत नाही. कागदांत जे होते तेच त्याने वाचले. त्याच सुमारास शेजारच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाला व्हिसा मिळाला. त्यांच्या खात्यावरची रक्कम कोणाची होती हे आमच्याकडे अनेकांना ठाऊक होते.

आई मला एका शब्दाने बोलली नाही. पुढच्या रविवारी नेहमीच्या बाकावर बसली, ख्रिस्तप्रसाद घेतला आणि गेली. चार शब्द सुनावले असते तर मला बरे वाटले असते. माझी सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ राहिली आणि तिची किंमत त्या दोघांनी व त्या मुलीने मोजली, हे मी स्वतःपासून कसे लपवू? फर्मस यांनी स्वतःच्या अंगावर घाव झेलले. मी तर केवळ एक पत्र लिहिले नव्हते.

खोट्या साक्षीने नक्की कोणाचे नुकसान होते, हा प्रश्न मी तेव्हापासून घोळवतो आहे. उत्तर एवढेच सुचते: उसन्या पैशांनी भरलेली खाती वारंवार पाहून ज्याचे डोळे निबर होतात, तो अधिकारी पुढल्या शेतकऱ्याच्या खऱ्या पासबुकाकडेही त्याच डोळ्यांनी पाहतो. म्हणजे शेजाऱ्याच्या बाजूने दिलेली खोटी साक्ष शेवटी दुसऱ्या कोणा शेजाऱ्याविरुद्धच जाते. तथापि हे त्या आईला सांगण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि झाले असते तरी तिला त्याचा काय उपयोग?

उपयोग झाला तो एका निवृत्त तलाठ्याचा. ते आमच्याच धर्मग्रामातले, नकाराची वार्ता ऐकून आपण होऊन आले आणि म्हणाले, "फादर, पत्रं पुरे. वारसनोंद करू." मग आजोबांचा व वडिलांचा मृत्यूचा दाखला, सहा भावंडांची वंशावळ, वांद्र्याला दिलेल्या आत्याची सही, नोटिशीची मुदत, मंडळ अधिकाऱ्यांचा शेरा. कार्यालयांच्या फेऱ्यांत मीही सोबत गेलो. रांगेत उभे राहण्याची मला सवय नव्हती, ती झाली. २०२५ च्या नोव्हेंबरात फेरफार मंजूर झाला आणि सातबाऱ्यावर त्यांचे नाव चढले. दादरचे फुलांचे पैसे आता बँकेत जमा होतात. कागदांची इंग्रजी भाषांतरे एका निवृत्त शिक्षिकेने प्रतिज्ञापत्रासह करून दिली. तेथील सरकारी आरोग्यसेवा पाहुण्यांना मिळत नाही, म्हणून विम्याची चौकशी एका तरुणाने केली. मुलगी गेली त्या दिवशी आम्ही तिला वेदीपुढे आशीर्वाद दिला होता, टाळ्या वाजवल्या होत्या. सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे त्याच दिवशी विचारता आले असते.

दुसरा अर्ज आम्ही चर्चच्या सभागृहात बसून भरला. पहिल्या नकाराची माहिती लपवायची नाही, हे ठरलेलेच होते. मुक्कामाच्या रकान्याशी थोडा वाद झाला. आईला तीन महिने हवे होते. पवित्र मरिया एलिझाबेथकडे तेवढीच राहिली होती, असा तिने मलाच शास्त्राधार दिला. "आणि मग आपल्या घरी परतली, हेही लूकने लिहून ठेवलं आहे," मी म्हणालो. वडिलांनी मोगऱ्याच्या हंगामाचा हिशेब केला आणि पाच आठवड्यांवर तडजोड झाली.

सही करण्यापूर्वी आईने लेखणी खाली ठेवली. "फादर, माझं मन मात्र तिथंच राहील. तेही लिहायला हवं का?"

त्यासाठी अर्जात रकाना नाही, असे मी तिला सांगितले. मग तिने सही केली.